बाटली संपली की यादी संपली

तळेगाव दाभाडे,
९ नोव्हेंबर १९७८

प्रिय दादा,

सप्रेम जय भीम.

हे पत्र फाडायचंच असेल तर सगळं वाचून झाल्यावर फाड. तुझी खुशाली विचारत नाही, कारण ती मला कळली आहे. गेल्या शनिवारी चाकणच्या बाजारात कस्तुरा वहिनी भेटली. तुला सांगू नको असं मीच तिला म्हटलं होतं. आता मीच सांगते आहे, म्हणून तिच्यावर चिडू नकोस.

वहिनी म्हणाली, आत्याबाई भाकरी तव्यावर टाकताना रोज बोटं भाजून घेतात. उंबऱ्याला ठेचकाळतात. परवा कोंबडी समजून पाण्याच्या कळशीलाच काठी मारली. सांगताना वहिनी हसली आणि मग डोळ्याला पदर लावला.

दादा, आईचा उजवा डोळाही मोतीबिंदूने झाकत चालला आहे. डावा गेलाच. म्हणजे आता तिच्याकडे एकच डोळा आहे आणि तोही बंद होतो आहे. रहाटणीची खोली सोडून तू तिला महाळुंग्याला घेऊन निघालास, तेव्हा म्हणालास, "एक घेतलास, आता दुसरा मागू नगंस." मी तो मागते आहे. येत्या जानेवारीअखेर इथे आमच्या दवाखान्यात शिबिर आहे. आईला पाठव.

"आमच्या" दवाखान्यात हे वाचून तू पत्र खाली ठेवलं असशील. ज्या डॉक्टरांच्या हाताखाली आईचा डोळा गेला, त्यांच्याच प्रयोगशाळेत बहिणीने नोकरी धरली, हे तुझ्या घशाखाली उतरत नाही. पण मी जंतूशास्त्र शिकले आहे. जिथे चूक झाली तिथे नाही, तर मी आणखी कुठे जायला हवं होतं?

चूक काय झाली ते तुला कुणी नीट सांगितलंच नाही. चिंचवडच्या शाळेतल्या त्या शिबिरात छत्तीस नावं नोंदली होती. मोतीबिंदू काढून झाला की डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ पडद्याखाली जेंटामायसिनचं इंजेक्शन देतात. आत जंतू गेले असतील तर ते वाढायच्या आधी मरावेत म्हणून. एक बाटली चौघांना पुरते. छत्तीस माणसं, नऊ बाटल्या, हिशेब बरोबर होता. ऐन दिवशी शिबिर भरवणाऱ्या मंडळाच्या उद्धवरावांनी आणखी आठ माणसं घेतली, कारण आदल्या वर्षी बेचाळीस झाल्या होत्या आणि यंदा आकडा त्याच्या वर जायला हवा होता. छत्तीस झाल्यावर बाटल्या संपल्या. शेवटच्या आठ जणांना नुसते थेंब मिळाले. त्या आठांतले दोन डोळे सडले, सोजराबाईंचा आणि आपल्या आईचा. आधीच्या छत्तीसांत एकही नाही.

आईचा नंबर शेवटचा होता. म्हणून तिला इंजेक्शन मिळालं नाही. एवढंच.

उत्तर दे.

तुझी,
नीला


तळेगाव दाभाडे,
२७ नोव्हेंबर १९७८

प्रिय दादा,

जय भीम.

अठरा दिवस झाले. महाळुंगे इथून किती लांब आहे? चाकणला एसटी बदलायची, की झालं. पोस्टाला एवढे दिवस लागत नाहीत. तुला लागताहेत.

तुला वाटत असेल, ही तळेगावात पांढरा कोट घालून मजेत आहे. मजा अशी आहे. मंडळाचा वार्षिक अहवाल छापून आला. जाड कागद, वर कमळ. त्यात लिहिलंय, "चव्वेचाळीस शस्त्रक्रिया. शिबिर शंभर टक्के यशस्वी." खाली समारोपाचा फोटो आहे. ज्यांच्या डोळ्यांना पट्ट्या आहेत असे सगळे ओळीत बसलेत, मांडीवर नारळ आणि ब्लाऊजपीस. डाव्या टोकाला आई आहे. तिचा एक हात नारळावर आणि दुसरा पट्टीकडे गेलेला.

तो अहवाल घेऊन मी उद्धवरावांकडे गेले. ते अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचत होते.

मी म्हटलं, "काका, हे शंभर टक्के नाही. दोघींचे डोळे गेलेत."

"अगं, शस्त्रक्रिया चव्वेचाळीस झाल्या की नाही?"

"झाल्या."

"मग? शस्त्रक्रिया शंभर टक्के झाल्या. पुढं घरी जाऊन कोण डोळ्यात चुना घालतंय का माती, ते आम्ही कुठवर बघत बसायचं?"

"आईने चुना घातला नव्हता."

"तुझ्या आईचं म्हणत नाही मी. तू शिकलीसवरलेली पोरगी. एवढं लावून घेऊ नये. चहा घेतेस?"

मी चहा घेतला नाही. नंतर वाटलं घ्यायला हवा होता. चहा न घेतल्याने त्यांना काहीच झालं नाही, मलाच तळेगावपर्यंत डोकं दुखलं.

डॉक्टरसाहेबांशीही माझं वाजलं. दोन याद्या शेजारी शेजारी ठेवून त्यांना म्हटलं, "इंजेक्शन मिळालेले छत्तीस, खराब शून्य. न मिळालेले आठ, खराब दोन." ते म्हणाले, "नीला, शेवटच्या आठांच्या वेळी उजेड गेला होता. मी दमलो होतो. हत्यारं घाईत उकळली होती. तू सगळा दोष एका बाटलीवर टाकतेस." ते खरं आहे, दादा. दोनावरून शास्त्र होत नाही हे मलाही कळतं. पण उजेड जाणार, माणूस दमणार, घाई होणार, हे दर शिबिरात ठरलेलंच आहे. म्हणून तर ते इंजेक्शन असतं. मी हे बोलले आणि मग माझी मलाच भीती वाटली. त्यांनी नोकरीवरून काढलं नाही. नुसते म्हणाले, "बघू."

हे "बघू" ऐकून ऐकून मी विटले आहे. तू तर तेवढंही म्हणत नाहीस.

नीला


तळेगाव दाभाडे,
१८ डिसेंबर १९७८

दादा,

डॉक्टरसाहेब कबूल झाले. तीन आठवडे त्यांच्या मागे लागले होते. आता दवाखान्याच्या शिबिराचा नियम असा: सकाळी बाटल्या मोजायच्या, गुणिले चार, तेवढीच नावं. बाटली संपली की यादी संपली. कुणीही मध्ये पडलं तरी नाव वाढणार नाही. प्रत्येकाला थेंबांची वेगळी बाटली. आणि पहिली पट्टी दुसऱ्याच दिवशी उघडून डोळा बघायचा. चिंचवडला ती चौथ्या दिवशी उघडली होती.

मला वाटलं होतं, हे झाल्यावर मी खूश होईन. झाले नाही. रविवारी रहाटणीला सोजराबाईंकडे गेले होते. अहवाल दुरुस्त करा म्हणून अर्ज लिहिला होता, त्यावर त्यांचा अंगठा हवा होता. त्या दारात शेंगा फोडत बसल्या होत्या.

"अंगठा दिल्यावर डोळा उगवतो का गं?"

"डोळा नाही उगवत. पण पुढच्यांचा वाचेल."

"पुढच्यांचं पुढचे बघतील. उद्धवरावानं मला दुसऱ्या डोळ्याला चष्मा दिलाय. त्याच्या इरुद्ध अंगठा दिऊ व्हय? तू तुझ्या आयचा घे की."

मी अर्जाची घडी घातली. त्या हसल्या. "तुझी आयच दीना व्हय? मंग मला कशाला सांगतीस."

त्यांनी ओंजळभर शेंगा दिल्या. येताना रस्ताभर त्या खाल्ल्या आणि मला स्वतःचाच राग आला.

शिबिर तीस जानेवारीला आहे. आईचं नाव मी अजून लिहिलेलं नाही. तुझ्या होकाराशिवाय लिहिणार नाही. पण दादा, मोतीबिंदू तुझ्या होकारासाठी थांबत नाही.

नीला


तळेगाव दाभाडे,
२९ डिसेंबर १९७८

दादा,

तुझं कार्ड मिळालं. दहा महिन्यांत पहिलं. एवढीच वाक्यं: "आईचा नंबर पाचवा होता. चिठ्ठी मी स्वतः हातात घेतली होती. शेवटचा कुणी केला?"

खाली सहीसुद्धा नाही. जणू मी अक्षर ओळखत नाही.

मी एवढं लिहिलं. बाटल्या, याद्या, अहवाल, नियम. त्यातलं तुला काहीच दिसलं नाही? शिबिरात नंबर पुढेमागे होत असतात. तू तिला सोडून पहिल्या शिफ्टला निघून गेलास. तू थांबला असतास तर तुलाही दिसलं असतं की तिथे किती गर्दी होती, कोण कुठे बसलंय तेच कळत नव्हतं. दिवसभर मंडळाची स्वयंसेविका म्हणून मी एकटी यादी धरून उभी होते. कुणी पाणी विचारलं नाही.

नंबराचा प्रश्न महत्त्वाचा नाही. पुढच्या डोळ्याचा आहे.

नीला


तळेगाव दाभाडे,
३ जानेवारी १९७९

प्रिय दादा,

आधीचं पत्र खोटं आहे. फाडून टाक.

नंबर मी बदलला.

सकाळी उद्धवरावांची वाढीव आठ नावं जोडून मी यादी वाचून दाखवत होते. पाचवं नाव आलं, "जाईबाई." कोपऱ्यातून आबाजी म्हणून एक म्हातारबाबा बोलले, "बाईची आय म्हणून पाचवी व्हय? आमी मावळातनं पहाटं निगालोय." दोघंतिघं हसले. एकजण म्हणाला, "आता त्यांचंच राज्य हाय." दादा, "त्यांचंच" म्हणजे काय ते तुला सांगायला नको. माझे कान तापले. तू मला सायकलवर कॉलेजला सोडायचास, तेव्हा दर वेळी म्हणायचास, "शिकून कुणाला आपल्याकडं बोट दाखवू द्यायचं न्हाई." ते माझ्या डोक्यात बसलं होतं. मी पेन काढलं, सगळ्यांसमोर आईच्या नावावर रेघ मारली आणि शेवटी लिहिलं. चव्वेचाळीस. आबाजींना पाचवं केलं. मला वाटलं, मी काहीतरी मोठं केलं. दिवसभर ताठ उभी होते.

तेव्हा बाटल्यांचं माहीत नव्हतं. पण छत्तीसाव्या माणसानंतर नववी बाटली माझ्याच हातात रिकामी झाली. औषधाची पेटी माझ्याकडे होती. मला कळलं. त्या सगळ्या इमारतीत डॉक्टरसाहेब सोडले तर इंजेक्शन नसण्याचा अर्थ कळणारी मी एकटीच होते. आणि आईला आत न्यायला आणखी तास होता. मी म्हणू शकले असते, आई, आज नको. म्हटलं नाही. आधी रेघ मारून नाव मागे घेतलं, आता बाहेर काढलं तर लोक म्हणतील, धोका दिसल्यावर आपल्या आईला बरं वाचवलं. बाकी सात जणांना जाऊ दिलं आणि आपलीला थांबवलं. म्हणून मी आठही जणांना जाऊ दिलं. याला मी तेव्हा न्याय म्हणत होते.

अजून एक आहे. हे मी डॉक्टरसाहेबांनाही सांगितलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी समारोप होता. सगळ्यांना उन्हात ओळीत बसवत होते. आईने माझा पदर ओढला. म्हणाली, "नीले, आतून ठणकतंय गं." मी म्हटलं, "थोडं ठणकणारच, आई. आता बस. फोटो आहे." ती बसली. त्यानंतर एक शब्द बोलली नाही. चौथ्या दिवशी पट्टी काढली तर आत पू होता. पुण्याला नेईपर्यंत डोळा गेला होता. तिला मी विचारलं, परत का सांगितलं नाहीस? म्हणाली, "तू मोठ्या लोकांत हुबी व्हतीस. म्या कुटं रडत बसू?"

ते एक दिवस आधी कळलं असतं तर कदाचित डोळा वाचला असता. कदाचित नाही. पण कळलं होतं. तिने सांगितलं होतं आणि मी फोटोचं बोलले होते. अहवालातला तो फोटो मी ठेवून घेतला आहे. उद्धवराव खोटं छापतात म्हणून इतके दिवस सगळ्यांना दाखवत फिरले. त्यात मीही आहे. आईच्या मागे, हातात यादी, हसते आहे.

आता तू ठरव. मी यादीत नाव लिहिणार नाही, आणि पाठव असंही म्हणणार नाही.

तुझी,
नीला


तळेगाव दाभाडे,
२ फेब्रुवारी १९७९

प्रिय दादा,

तुझ्यावर मी भयंकर चिडले आहे, म्हणून आज लिहिते आहे.

तू सोमवारी आईला दवाखान्याच्या गेटपर्यंत घेऊन आलास आणि आत आला नाहीस. खंडू वॉचमनने सांगितलं, "म्हातारीचा मुलगा पिंपळाखाली पाऊण तास उभा होता, मग चाकणच्या एसटीनं गेला." पाऊण तास! तेवढ्या वेळात मला दोन शिव्या देऊन झाल्या असत्या.

आणि माझी सगळी पत्रं तू आईला वाचून दाखवत होतास हे मला आता कळतं. पहिल्यापासून. तेव्हा तीन तारखेचं पत्रही. आई म्हणाली, "ज्योतीरामानं येकदा वाचलं, मी म्हनलं परत वाच. दुसऱ्यांदा वाचताना त्योच थांबला. मंग कस्तुरानं चहा ठिवला." मला वाटत होतं, मी तुला लिहिते आहे. माहीत असतं तर काही वाक्यं लिहिलीच नसती. बरं झालं माहीत नव्हतं.

मी तिला विचारलं, "मग? काय म्हणणं आहे तुझं?"

"शेवटच्या लंबराचं मला तवाच दिसलं व्हतं. रेघ मारली ती ऐकू बी आली. मला बरं वाटलं व्हतं बाई, माझी लेक कुणाचं ऐकून घेत न्हाई. आता त्ये दोघींनी बी चुकीचं केलं तर केलं." मग म्हणाली, "पर ह्या टायमाला मी गप बसायची न्हाई. दुखलं की बोंबलनार. तुझं मोठं लोक हुबं आसू देत न्हाईतर सायेब."

मंगळवारी सकाळी मी बाटल्या मोजल्या. दहा. म्हणजे चाळीस. जे आधी आले त्यांचं नाव आधी; आई अकरावी. मी पुढे घेतलं नाही, मागेही टाकलं नाही. पंचेचाळीस माणसं आली होती. पाच जणांना परत जावं लागलं. इंदोरीहून एकजण बैलगाडीतून आला होता. बाहेरच्या पायरीवर बसून त्याने मला जे ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही. डॉक्टरसाहेबांनी एकदा माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "नीला, पाचच आहेत. थेंब देऊ." मी म्हटलं, "साहेब, नियम तुमचाच आहे." ते आत गेले. त्या पाच जणांची नावं मी पुढच्या शिबिराच्या यादीत वर लिहिली, पण ते पुढच्या वेळी येतील की नाही मला माहीत नाही. बैलगाडीवाला तर येणार नाहीच. त्याचा चेहरा डोळ्यांसमोरून जात नाही. नियम बरोबर आहे आणि तरी त्या रात्री मी रिकाम्या बाटल्या पुन्हा मोजत बसले. हे कुणी आधी सांगितलं नव्हतं.

आईला हे कळल्यावर ती म्हणाली, "आन मी येकेचाळिसावी आसते तर?"

"परत पाठवलं असतं."

"ज्योतीरामानं तुला जित्ती ठिवली नसती." आणि पट्टी बांधलेल्या डोळ्याने गदगदा हसायला लागली. हसू नको, टाके आहेत, म्हणून मला ओरडावं लागलं.

आज तिसरा दिवस. सकाळी आठला मी प्रयोगशाळेत होते. वॉर्डातून आरोळी आली, "आगं ए नीले! दुखतंय! डाक्तरला बोलाव! दुखतंय म्हनते ना!" सगळा वॉर्ड उठून बसला. नर्स धावली. माझ्या हातातली काचपट्टी खाली पडून फुटली. वॉर्डापर्यंतची ती वीसबावीस पावलं मी कशी गेले मला सांगता येत नाही. पुन्हा तोच दिवस, तेच उन्हातलं बसणं, सगळं डोक्यात फिरलं.

डॉक्टरसाहेबांनी हात धुतले, पट्टी काढली, टॉर्च लावला. मी भिंतीला टेकून उभी होते.

"स्वच्छ आहे," ते म्हणाले. "काहीच नाही. पट्टीची गाठ कानामागे रुतत होती. जाईबाई, यासाठी एवढी बोंब?"

आई म्हणाली, "मला काय ठाव कशापायी हाय? दुखलं की सांगायचं, आसं ठरलंय आमचं."

डॉक्टरसाहेबांनी तिच्या डोळ्यासमोर जाड भिंग धरलं, तीन बोटं दाखवली. "किती?"

"तीन." मग ती त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत राहिली. मला या कोटात तिने कधी बघितलंच नव्हतं. म्हणाली, "कोट लई ढगळा झालाय गं. ज्योतीरामाचा हाय का?"

दादा, कोट दवाखान्याचा आहे, ढगळच आहे. मी बाह्या दुमडल्या आणि तिची पट्टी परत बांधली, गाठ कानाच्या वर.

अजून चार दिवस धोका आहे. थेंब दिवसातून सहा वेळा मीच घालते, हात धुऊन, बाटलीचं टोक पापणीला लागू न देता. मंगळवारी तिला सोडणार. हे पत्र मी तिला वाचून दाखवणार नाही. तू घरी दाखवशीलच. त्या पाच जणांचं तेवढं वाचून दाखव. त्यात काय चुकलं असेल तर तुम्ही दोघं मला सांगा.

मंगळवारी दुसरी शिफ्ट घे आणि सकाळी ये. पिंपळाखाली थांबू नकोस, वॉर्ड आत उजव्या हाताला आहे. आई बोंबलत असेल, म्हणजे सापडेलच.

तुझी,
नीला